कोपऱ्यातली खाच

फुसाएताई,

तुझं मुळ्याचं लोणचं पोचलं. मी ठीक आहे, खोकलाही गेला.

बाबांनी कोरलेले चित्राचे चारही लाकडी ठसे मंगळवारी तोक्योला आले. चित्रातल्या बाईच्या केसांची बट न् बट अशी कोरलीय की सगळे छापणारे हातातलं काम टाकून बघायला आले. बाबांना हे नक्की सांग.

पुढचं मात्र तुझ्यापाशीच ठेव. ठशाच्या कोपऱ्यात ती खाच असते, केंतो, आठवते ना? तिच्यात कागद टेकवला की लाल रंग ओठांवरच बसतो, गालावर जात नाही. गेल्या वर्षापासून बाबांची केंतो केसभर सरकत होती. मी बारीक पाचर मारून गुपचूप नीट करायचो. मालक साकुमा विचारायचे, "म्हाताऱ्याचा हात चुकायला लागला काय रे?" मी म्हणायचो, "छे हो, लाकूड फुगलंय."

या वेळी केंतोच नाही, ताई. चारही ठशांचे कोपरे कोरे आहेत. आणि हेच बाबा लहानपणी माझ्या बोटांवर पट्टी मारायचे, "चित्र मागाहून! आधी कागदाला त्याचं घर दाखव."

दोन दिवस खपून मीच खाचा कोरल्या. त्यांच्यासारख्या नाहीत, पण चालतील.

गावातल्या स्नानघरातून बाबा अजून एकटेच घरी येतात का गं? उद्यापासून तू तिथल्या दाराशी जाऊन थांबत जा. त्यांना कळू देऊ नकोस. म्हणावं, बाजारातून येतच होते, चला बरोबर.

मी खरंच ठीक आहे.

तुझा धाकटा,
एइकिची