गादी उन्हात घालायचा दिवस

ती. आईस, वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. खोकला जवळजवळ गेलाय, काळजी करू नकोस.

आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या कानाच्या मशीनबद्दल गिऱ्हाइकांना इंग्रजीत पत्रं लिहिणं हे माझं काम. परवा एका आजींना मी 'मशीन शॉर्टली मिळेल' असं लिहिलं. मोठ्या बाईंनी कागद परत केला.

"शॉर्टली म्हणजे दोन-चार दिवस. पार्ट यायला सहा आठवडे लागतील. तोवर त्या रोज दाराकडे बघत बसतील. 'विदिन सिक्स वीक्स' लिही."

मी म्हटलं, "त्यांना वाईट वाटेल."

"एकदाच वाटेल," बाई म्हणाल्या.

घरी येऊन तुझी पत्रं काढली. प्रत्येकात तू विचारलंयस, कधी येतेस? आणि तीन वर्षं मी 'लवकरच' लिहून मोकळी होतेय. दादा सांगत होता, तू दर रविवारी माझी गादी उन्हात घालतेस.

आई, यंदाही जमत नाही गं. पुढच्या वर्षी दहा मेला येते. रजा मंजूर झालीय.

गुडघा कसा आहे? नुसतं 'बरा' लिहू नकोस, किती पायऱ्या चढतेस ते लिही.

आणि गादी आता नऊ मेलाच उन्हात घाल.

तुझीच,
धाकटी