जिभेखालची दारू

अमरावती, शनिवार, मार्च १९६१

आज माझ्याच घरात माझ्यावर दारूबंदी झाली. छातीत कळ आली की डॉक्टरांची गोळी जिभेखाली ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही. बातमीदाराला याहून कडक शिक्षा नसावी! दुपारी भातकुलीचे नामदेवराव आले. विहिरींत सुरुंग लावणं हा त्यांचा धंदा. तुमच्या सुरुंगातलं नायट्रोग्लिसरीनच या गोळीत आहे, असं मी सांगताच ते ओरडले, "मंजे दारूच की! डॉक्टर तुमच्या छातीत विहीर खोदून राह्यला काय, पंडितजी?"

आतून हिनं 'दारू' तेवढी ऐकली.

संध्याकाळी जिना चढताना छातीवर जातं ठेवल्यासारखं झालं. खिशात गोळ्यांची बाटली नाही. "ते दारूची बाटली मी लपवली," ही म्हणाली. मला बोलवेना. छातीकडे बोट केलं, तशी धावत जाऊन तिनं बाटली आणली. कळ ओसरली, गोळीनं डोकं मात्र ठणकतंय.

मग 'दवादारू' हा समास सोडवून सांगितला: यातली दारू म्हणजे औषधच. हसली नाही. दुखणं तिला आधीच का सांगितलं नाही मी? भित्रेपणा, दुसरं काय!

"उद्या अकोल्याच्या सभेले जायाचं नाही," ही म्हणाली.

डॉक्टरी भाषेत या कळेला हृच्छूल म्हणे! नाव भारदस्त आहे, म्हणून त्याची परवानगी काढून मी सभेला जायचं? जाणारच, म्हणालो.

"जा न मंग. पण बाटली माह्याजवळ राहीन. अन् मीबी येतो."

उद्या सकाळच्या गाडीनं दारूगोळ्यासह कूच.