अर्ध्या चहाची बशी

अप्पा,

गेल्या आठवड्यात आमच्या शिवणवर्गात एक साहेब व्याख्यान द्यायला आले होते. फळ्यावर त्यांनी लिहिलं, 'माणूस काम कशासाठी करतो?' आणि खाली तीन शब्द लिहिले: पगार, भीती, मान. मग बायकांना विचारत गेले. एक म्हणाली, पोराच्या फीसाठी. दुसरी म्हणाली, "साहेब, मी तर सासूपासून घटकाभर सुटका व्हावी म्हणून येते," आणि सगळा वर्ग हसला. साहेबांनी तेही फळ्यावर लिहिलं. शेवटी मला म्हणाले, बाई, तुम्ही सांगा, तुम्ही इतकी वर्षं हे करताय. मी म्हणाले, आता सवय झाली. ते खरं नव्हतं. खरं उत्तर तुम्हाला माहीत होतं, म्हणून हे तुम्हाला लिहितेय. तुम्ही जाऊन इतका काळ लोटलाय की हे पाठवायचा प्रश्नच नाही.

शहागंजात आपलं शिंप्याचं दुकान पुढं आणि घर मागं. मध्ये दार, दाराला जुन्या अस्तराचा पडदा. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. शेरवानी घालून कचेरीत जाणारे कितीतरी लोक शहर सोडून गेले होते, राहिलेले बुशशर्ट शिवून घेऊ लागले होते. तुम्ही शाळेचे गणवेश शिवत होता, आणि लग्नसराईत एखादी शेरवानी आली की दुकानातलं बोलणंसुद्धा हळू व्हायचं. आई गेल्यापासून घर माझ्याकडं होतं. दुपारी चहा करून मी पडद्यातून द्यायची. कारागिरांना पेले, तुम्हाला कपबशी. कुणाचं काम चांगलं झालं असं तुम्ही तोंडानं कधी म्हणाला नाहीत. ज्याचं काम त्या दिवशी मनासारखं उतरलं असेल, त्याच्यापुढं तुम्ही आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून सरकवायचात. तेवढंच. त्या काळात स्वतःच्या कपातला चहा दुसऱ्याला, त्यातून चाचांसारख्या मुसलमान माणसाला देणं ही लहान गोष्ट नव्हती, हे मलाही कळत होतं. आणि त्या बशीसाठी सगळं दुकान मान खाली घालून राबत होतं.

चाचा सगळ्यांत जुने कारागीर. समोरच्या दुकानानं त्यांना जास्त मजुरी देऊ केली होती. ते गेले नाहीत. "मास्तर की बशी छोड़ के किधर जाऊं," असं म्हणायचे आणि हसायचे. एकदा मुलीच्या लग्नाच्या तोंडावर त्यांनी मजुरी वाढवायचं काढलं. तुम्ही कपातला चहा बशीत ओतला आणि त्यांच्याकडं सरकवला. मी पडद्याआड उभी आहे, ते बशीकडं बघताहेत. मग त्यांनी तो चहा प्यायला आणि सुई उचलली. तुम्हाला ती बशी किती स्वस्तात पडली, अप्पा.

मी शाळेतून आले की गुंड्यांची काजं करायला बसायची. पहिल्यांदा केलेलं काज तुम्ही खिडकीपाशी नेऊन पाहिलंत आणि म्हणालात, "हे काज हाय का जखम?" ब्लेडनं सगळे टाके उसवून कापड माझ्या मांडीवर टाकलंत. मी रडले नाही. रेशमी धाग्याला मेण कसं लावायचं, टाक्याला टाका कसा भिडवायचा, हे बघून बघून शिकले. पुढं तुम्ही उसवायचं बंद केलंत. सुरुवातीला मला ती शाबासकीच वाटली होती.

मग एका वकिलांच्या मुलाची शेरवानी आली. तिची सगळी काजं माझी होती. वकीलसाहेब न्यायला आले तेव्हा त्यांनी एकेका काजावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "मास्तर, ये हाथ किसका है?" तुम्ही म्हणालात, "दुकान का हाथ है साहब." त्या दुपारी मी चहात वेलदोडा टाकला. पडदा थोडा जास्तच बाजूला धरून उभी राहिले. तुम्ही अर्धा चहा बशीत ओतला आणि चाचांपुढं सरकवला.

चाचांनी हात लावला नाही. "मास्तर, ये मेरेकू नको. काजां तो बिटिया के हैं."

"प्या हो चाचा. निवतोय."

"उसकू एक बार तो देव."

"आज दिली तर उद्या हात ढिला पडंल तिचा," तुम्ही म्हणालात. मी तिथंच आहे हे तुम्हाला दिसत होतं. "माणूस आशेवर लई लांब जातो."

"बैल जाता, मास्तर. आदमी थक जाता."

एवढं बोलले, आणि मग त्यांनीच ती बशी उचलली.

लग्न होईपर्यंत मी तुमची काजं करत राहिले, आणि प्रत्येक काज आधीच्याहून बारीक होत गेलं. म्हणजे तुमचं गणित चुकलं नव्हतं. मागं माझ्या वर्गात वैजापूरकडची एक मुलगी आली. तिचं काज पाहून मी मुद्दाम सगळ्यांसमोर म्हणाले, छान झालंय. दुसऱ्या दिवशी तिचे टाके लांब लांब पडले. कालचंच काज ती सगळ्यांना दाखवत फिरत होती. तेव्हा तुमची आठवण आली आणि तुमचा फार राग आला, कारण तुम्ही खरे ठरला होता. मी ते उसवलं नाही. तिचा हात माझ्याइतका कधी बसणार नाही. पण ती काम करताना गुणगुणते. मला काज करताना कधी गुणगुणल्याचं आठवत नाही.

शेवटच्या आजारात तुम्हाला कप धरवत नव्हता. मी बशीत ओतून, तुमच्या मानेखाली हात घालून चहा पाजायची. त्या दिवशी तुम्ही दोन घोट घेतलेत, थांबलात, आणि बोटांनी बशी माझ्याकडं सरकवलीत. अर्धा चहा होता तिच्यात. तुम्हाला नको होता, की मला द्यायचा होता, हे मी विचारलं नाही. तुम्ही डोळे मिटून घेतलेत.

तो चहा मी मोरीत ओतला. तेव्हापासून आजपर्यंत मी बशीनं चहा प्यायलेली नाही. घरातले विचारतात, तेव्हा सांगते, बशीत लवकर निवतो. त्या दिवशीचा अजून गरम होता.