मातीच्या बैलाची चाल

आई, तुझ्या हातचा मातीचा बैल मी पडद्यावर चालवला, त्याबद्दल तू एकदा तरी ‘चांगलं झालं’ म्हणावंस, एवढीच माझी इच्छा होती. बाकी बक्षीसबिक्षीस सगळं नंतरचं.

नव्वदनंतरची ती वर्षं. जामखेडच्या घरातली मागची खोली तू मला मोकळी करून दिलीस. कॉलेजातून मागून आणलेला कॅमेरा स्टँडवर, समोर फळीवर बैल, त्याच्या पायांत तार. पाय केसभर सरकवायचा, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायचा. दिवसभर खपलं की बैल जेमतेम दोन-चार पावलं टाकतो. माती तडकू नये म्हणून संध्याकाळी तू त्याच्यावर ओलं फडकं घालायचीस. त्यातच पोळा आला. सकाळी दार उघडतो तर बैलाच्या कपाळावर हळदकुंकू, पुढ्यात पुरणपोळी. माझं डोकंच फिरलं. कालच्या चित्रांत कपाळ कोरं आणि आज हे! तू दारातूनच म्हणालीस, “सनाच्या दिशी बैल उघड्या कपाळानं हुबा ठिवू व्हय?” कुंकू ओल्या मातीत उतरलं होतं, निघेना. तसाच पुढे चालवला.

पुण्यात सिनेमा दाखवला तेव्हा बैलाच्या कपाळी अचानक कुंकू उमटलं आणि टाळ्या पडल्या. एकाने नंतर त्याचा अर्थ विचारला. पोळा होता, असं सांगितलं, ते त्याला पटलं नाही. मग भाड्याने व्हीसीआर आणून आपल्या घरी कॅसेट लावली. शेजारच्या बायकांनी हात जोडले. मी मात्र तुझ्या तोंडाकडे बघत होतो. संपल्यावर तू म्हणालीस, “दिसभर त्या खोलीतनं तुझा आवाज न्हाई यायचा. ह्ये काम असं मुक्यानंच करायचं असतं व्हय?”

“व्हय.”

“मग नगं करूस.”

मला फार लागलं. कितीतरी दिवस तुझ्याशी धड बोललो नाही. तुला माझी काळजी वाटत होती, हे कळायला माझी स्वतःची मुलं मोठी व्हावी लागली. तोवर तू गेली होतीस.

काम अजून तेच करतो. हे पत्र टाकायचं कुठे? टेबलावरच राहील. फक्त एक सांगायचं आहे. हल्ली काम करताना मी मोठ्याने बोलत असतो. आज काय शिजलं, कोण येऊन गेलं, गुडघा कसा दुखतो. बायकोला वाटतं, मी बाहुल्यांशी बोलतो. मी तिला तसंच वाटू देतो.