फणसाची पायरी

बाबा, आपली गाडी पुन्हा उभी राहिली. हे तुम्हांला कुणीतरी कळवायला हवं, आणि घरात लिहिणारा मी एकटा, म्हणून लिहायला बसलो आहे. तुम्हांला जाऊन बावीस वर्षं झाली. तुम्ही असतात तर हा कागद बघून म्हणाला असतात, "तोंड नाही का तुला?" तोंड होतं. वापरायच्या वेळी आपण दोघांनीही ते मिटून घेतलं, आणि मग तुम्ही गेलात. तेव्हापासून मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, की तुम्ही गेलात ते माझ्यावर रागावूनच गेलात का. आईला विचारायचा धीर झाला नाही. गाडीला हात लावला तोही खरं म्हणजे त्यापायीच. तुम्हांला विचारता येत नाही, तर निदान तुमच्या गाडीत एकदा बसून बघावं, एवढंच डोक्यात होतं.

गाडी तुम्ही ठेवलीत तिथेच होती, परसात गोठ्याला लागून असलेल्या पडवीत. बैल आईने त्याच वर्षी विकले. गाडी कुणी घेईना, कारण कल्याणात आता शिग्राम गाडीत बसतो कोण? चार चाकांची ती लाकडी पेटी, खिडक्यांना झिलमिल्या, आत समोरासमोर दोन बाकं. तुम्ही ती भिवंडीला न्यायचात, मुरबाडला न्यायचात, आणि आगगाडी यायच्या आधी थेट ठाण्यापर्यंत. ठाण्याच्या वकिलांना तुमचीच गाडी लागायची, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी त्या वकिलांचा रागराग करायचो. मग रूळ आले आणि वकील आगगाडीत जाऊन बसले. उरली ती स्टेशनापासून बाजारपेठेपर्यंतची किरकोळ भाडी. आणि अशा वेळी तुमचा एकुलता एक मुलगा घरी येऊन सांगतो की मला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी मिळाली.

तो दिवस मला अजून दिसतो. आई चुलीपाशी भाकऱ्या थापते आहे, तुम्ही पाटावर आहात, ताटात वालाची आमटी. तुम्ही घास खाली ठेवता. आवाज चढत नाही, तुमचा कधीच चढायचा नाही. "जा," तुम्ही म्हणता. "पण मग माझ्या गाडीत पाय ठेवायचा नाही. त्यांचा पगार, तर त्यांच्याच गाडीत बस." आई म्हणते, "अहो, जेवताना काय हे!" आणि तुम्ही उठून हात धुता. मला वाटलं होतं, चार दिवसांत निवळेल. पण तुमचा राग नाकावर आणि माझा तुमच्याहून वर. मी रोज सकाळी पायी जायचो, संध्याकाळी पायी यायचो. कधी तुमची गाडी शेजारून जायची, रिकामी असली तरी थांबायची नाही. मीही मान वळवायचो नाही. बाजारातले लोक बघायचे आणि गालात हसायचे.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास आईच म्हणाली, "सरपणवाल्याला देऊन टाक ती. पावसाने कुजते आहे, बघवत नाही." सरपणवाला आला, त्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने चाक ठोकून बघितलं, आणि मी मध्ये जाऊन उभा राहिलो. त्याला म्हटलं, पुढच्या आठवड्यात ये. तो अजून येतो आहे. त्याच संध्याकाळी मी माझ्या मित्राकडे गेलो. तुम्ही त्याला ओळखता. ज्या सुताराने तुमच्या गाडीची चाकं केली, त्याचा हा मुलगा. आम्ही दोघांनी लहानपणी तुमच्या गाडीच्या टपावर चढून मार खाल्लेला आहे. आता तोच चाकं करतो, बापापेक्षा बरी करतो आणि हे स्वतःच सगळ्यांना सांगतो. पडवीत येऊन त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकला, चाकांच्या कण्याला नाक लावून वास घेतला. म्हणाला, "जिवंत आहे लेका. पण तू काम करणार असशील तर मी येतो. नुसता बसून उपदेश करणार असशील तर आपल्याला जमायचं नाय."

तेव्हापासून आमचे सगळे रविवार तिथेच गेले. मी कारकून माणूस, बोटांना शाईखेरीज काही माहीत नाही. पहिल्याच दिवशी रंधा उलटा धरला. तो हसून हसून खाली बसला. झिलमिल्यांच्या पट्ट्या मी एकेक सोडवून घासल्या, अळशीचं तेल पाजलं. बाकांतला काथ्या उंदरांनी संसाराला नेला होता, तो नवा भरला. टपाची फळी त्याने बदलली. हळूहळू मला हातांनी कळायला लागलं की तुम्ही गाडी कशी ठेवत होतात. जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही तिथेही खिळ्याचं डोकं आत ठोकून वर मेण भरलेलं. बाकाखालची बाजूसुद्धा रोगण दिलेली. माझ्यासाठी तुम्ही कधी एवढं केलंत का, असं एकदा मनात येऊन गेलं. लाज वाटली, पण आलं ते आलं.

सगळ्या गाडीत एकच गोष्ट ओबडधोबड होती. डाव्या दाराखाली, लोखंडी पावदानाच्या बरंच खाली, एक लाकडी पायरी ठोकलेली होती. गाडी सागाची आणि ही पिवळट फणसाची, एका बाजूला किंचित कललेली, चार जाड खिळ्यांनी बसवलेली. उजव्या दाराला असलं काही नव्हतं. मित्राने ती अंगठ्याने चाचपली. म्हणाला, "हे माझ्या बापाचं काम नाय. सुताराचंच काम नाय हे. पण ज्याने लावलीय त्याने मनापासून लावलीय. राहू दे."

"राहू दे काय? एका दाराला आहे, एका दाराला नाही. बाबांनी असलं ध्यान चालवून घेतलं असतं का?"

"अरे, कुणीतरी कशासाठी तरीच लावली असेल ना? आईला विचार."

"आईला काय विचारायचं त्यात?" मी म्हटलं आणि पहार घातली. खिळे निघता निघेनात. माझ्या हाताला फोड आले, तरी मी हट्टाने तिसरा काढला, चौथा काढला. भोकं बुजवून वर असं रोगण दिलं की तिथे काही होतं हे कुणाला कळू नये. तुमच्या गाडीला शोभेल असं काहीतरी आपण केलं, या समाधानात मी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पुढच्या रविवारी चाकांचं काम होतं. इतक्या वर्षांत लाकूड सुकून आकसलं होतं आणि चाकांवरच्या लोखंडी धावा सैल झाल्या होत्या. धाव कापून अंमळ लहान करायची, जाळात लाल करायची, फुगली की चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि चाकाचे सगळे सांधे कडाकड बसतात. परसात शेणींचं मोठं रिंगण रचून पेटवलं. जाळ मंद वाटला म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं, आणि पडवीच्या कोपऱ्यात पडलेली ती पायरी उचलून त्यात टाकली. फणसाचं जुनं लाकूड, छान पेटलं. त्या जाळावर चारही धावा चढल्या. मित्र घामाने निथळत म्हणाला, "तुझे बाबा असते ना, तर पाठीवर थाप मारली असती." मलाही तसंच वाटत होतं.

गुढीपाडव्याला गाडी बाहेर काढायची ठरली. आईला शहाडला, माहेरी, नदीकाठच्या मामाच्या घरी न्यायचं. तिने तिथे पाऊल टाकून बारा वर्षं झाली होती. मित्राने मेव्हण्याचे बैल आणले, मित्राच्या बायकोने चाकांखाली नारळ फोडला, बैलांना ओवाळलं. आई विधवा म्हणून मागे ओट्यावरच उभी होती. सगळं आटोपल्यावर तिला बोलावलं. ती आली ती नेमकी डाव्या दाराशी, आणि खाली वाकून रोगण दिलेल्या लाकडावरून हात फिरवायला लागली.

"इथली पायरी कुठे गेली रे?"

"ती होय? वेडीवाकडी होती. काढली."

"काढलीस?" तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुझ्यासाठी केलेली होती ती."

बाबा, तुम्हांला आठवतं का, धक्क्यावर कापसाची गाठ घरंगळून माझ्या पायावर आली होती. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. हाडवैद्याने घोटा बसवला, दोन महिने मी घरात पडून होतो. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की कसं आहे. मी काठी टेकत ओट्याच्या पायऱ्या चढायचो आणि तुम्ही समोर बसून माझ्या पायांकडे टक लावून पाहायचात. मला वाटायचं, मनात म्हणत असाल, बरी खोड मोडली. परसातून करवतीचा आवाज यायचा. मला वाटायचं, गाडी मोडून विकायला काढली. हे सगळं मी बावीस वर्षं असंच धरून बसलो होतो.

आई तिथेच उभ्याउभ्या सांगत होती, मित्र बैलांची वेसण धरून ऐकत होता. "मागच्या फणसाची फांदी तोडून ह्यांनी स्वतः केली. सुताराला हात लावू दिला नाही. तू ओटा चढताना बघत बसायचे, मला म्हणायचे, बघ, पाय एवढाच उचलतो, बोटभर वर नाही. त्या मापाने ठोकली. मग तू कामावर जायला लागलास तेव्हा एका संध्याकाळी तुला आणायला गाडी घेऊन धक्क्यावर गेले. पण तुला गाडी दिसलीच नाही ना त्या दिवशी."

"मग तू मला हे सांगितलं का नाहीस कधी?"

"काय सांगायचं? तू म्हणालास, गाठी उतरत होत्या, गर्दी होती, गाडी दिसली नाही. हेही आले ते म्हणाले, चुकामूक झाली. पुढे बारा दिवसांत पटकीने गेले. म्हटलं, आता सांगितलं तर पोर जिवाला लावून घेईल, दिसली असती तर बसलो असतो म्हणून."

मित्र इतकंच म्हणाला, "शेणींच्या जाळात घातली की रे आपण ती." मग आईला हात देऊन पावदानावरून आत बसवलं आणि शहाडला घेऊन गेला. मी गेलो नाही. धक्क्यावर काम आहे म्हणालो. पाडव्याच्या दिवशी कसलं काम? पडवीत रिकाम्या जागी बसलो आणि पोटभर रडलो. शेणींच्या राखेचं वर्तुळ अजून परसात तसंच होतं.

मित्र दुसऱ्या दिवशी न बोलावता आला, खांद्यावर करवत. मागचा फणस आता केवढा झालाय. तुम्ही तोडलीत त्या फांदीचा खुंट आहे अजून, त्याच्या शेजारचीच फांदी त्याने घेतली. माप कुठून आणायचं म्हणून मला गाडीजवळ उभं केलं आणि म्हणाला, "पाय उचल. दुखेल तिथे थांब." थंडीत आणि लांब चालल्यावर तो घोटा अजून दुखतो. मी उचलला, थांबलो, त्याने खडूने रेघ मारली. मग वरचं रोगण खरवडून बघितलं, तर तुमची चार भोकं त्या रेघेला लागूनच होती. तो पायरी सफाईदार करत होता, मी म्हटलं, जरा वाकडी ठेव. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ठेवली.

रविवारी मी त्या पायरीवर पाय ठेवून आत बसलो. पाय सहज गेला, कुठे ओढ बसली नाही. झिलमिलीतून हाकायची जागा दिसत होती. तिथे मित्र होता, बैलांना चुचकारत होता. तुमची पाठ तिथे दिसावी असं मला इतकं वाटलं की मी झिलमिली बंद करून घेतली. आता मी तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे बाबा. तरी कुणीतरी आपल्याला घ्यायला यावं असं वाटतं, संध्याकाळी धक्क्यावरून निघताना रोज वाटतं.

हा कागद मी बाकाखालच्या काथ्यात ठेवणार आहे. धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी धाडला असता की नाही कोण जाणे. कारण एक लिहायचं राहिलं आहे. त्या संध्याकाळी गर्दी नव्हती. गाठी दुपारीच उतरल्या होत्या. फाटकाबाहेर गाडी उभी होती, आणि तांबड्या बैलाचं वाकडं शिंग मी लांबूनच ओळखलं होतं. तुम्ही हाकायच्या जागेवरून उतरून डाव्या बाजूला, दार उघडून उभे होतात. का, ते मला आत्ता कळलं. तुम्ही मला पाहिलंत. मी तुम्हांला पाहिलं. आणि मी काठी टेकत मागच्या बाजूने निघून गेलो. तरी तुम्ही घरी येऊन आईला सांगितलंत की चुकामूक झाली.

आईने काल परत विचारलं, "खरंच दिसली नव्हती का रे तुला गाडी?" मी म्हटलं, "नाही गं. चुकामूक झाली."