तळ्यात टाकलेला फोन

प्रिय हेता,

आणि फोनचं तू अजून काढतेसच! आईला म्हणालीस म्हणे, "योनाला विचार, माशांना आता माझ्या वॉर्डाचे फोन येतात का." हस तू. पण मी तो मुद्दाम टाकला, हे तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगतो. शनिवारची संध्याकाळ, सौनाची लाकडी खोली वाफेने छान तापलेली, कितीतरी आठवड्यांनी तू वरच्या बाकावर भिंतीला टेकून बसलेली, आणि दाराबाहेर तुझा तो फोन. अमकी नर्स आजारी पडलीय, तिच्या जागी येतेस का? दर वेळी कोणीतरी आजारी पडतं आणि दर वेळी तू जातेस. त्या दिवशी तो वाजला तेव्हा तू डोळेसुद्धा न उघडता उठून उभी राहिलीस. ते बघून माझं डोकं फिरलं. बाहेर आलो, डुबकी मारायला तळ्याच्या बर्फात पाडलेलं भोक समोरच होतं. दिला सोडून.

तू टॉवेल गुंडाळून अनवाणी बर्फात धावत आलीस आणि सौनाच्या तापल्या दगडांवर पाणी ओतायच्या लाकडी डावाने माझ्या पाठीत हाणलंस. खरं सांगू, बरं वाटलं. म्हटलं, चला, आमची हेता अजून जिवंत आहे. पण मग तू आईचा फोन घेतलास, आपणहून वॉर्डात लावलास आणि ओल्या केसांनी गाडी काढून गेलीस. मी अंगणात उभा, हातात भाजलेल्या सॉसेजची काठी. आई म्हणाली, "आता खा तरी ते." मी आणखी काय करायला हवं होतं? गाडीपण तळ्यात ढकलायची होती का?

इकडे नॉर्वेत माझं ठीक आहे. कॉड माशांचा हंगाम जोरात आहे, दिवसभर मासे चिरतो, अंगाचा वास जात नाही, त्यामुळे बसमध्ये बसायला जागा मिळते. आमचा नॉर्वेजियन मुकादम म्हणतो, "तू टिकणार नाहीस, तुझे पाय कायम दाराकडे असतात." ओळखलं बेट्याने. नववीत शाळा सोडल्यापासून मी लाकडं तोडली, टायर बदलले, फरश्या बसवल्या, बेकरीत तर दुपारपर्यंतच टिकलो. तू म्हणायचीस, "योना, मोजे तरी इतक्या वेळा बदलत जा." आणि तू? कॉलेजातून बाहेर पडलीस ती त्या अतिदक्षता विभागात शिरलीस, ती अजून तिथेच. आयुष्यात मला एकच गोष्ट नीट जमते, सोडून जाणं. आणि तीच तुला शिकवता येत नाही.

त्या सकाळचं मी आईला सांगितलेलं नाही. तू रात्रपाळी करून आलीस, बाहेर अजून अंधार होता, मी स्वयंपाकघरात कॉफी करत होतो. गाडी अंगणात आली, दिवे विझले, आणि तू काही उतरेनास. वाट बघितली. काचा आतून धुरकट झाल्या. इतक्या थंडीत! शेवटी कॉफीचा मग घेऊन बाहेर आलो आणि काच वाजवली. तू म्हणालीस, "पाच मिनिटं बसू दे. इथे कोणी मला हाक मारत नाही." मग मी शेजारी बसलो आणि तू समोर बघत बोललीस, की रात्री एक बाई गेली, तिची मुलगी रडत होती, आणि तुझ्या मनात काय आलं, तर पलंग मोकळा झाला, चादरी बदलायला हव्यात. "मला काहीच झालं नाही, योना. काहीच नाही." यावर शहाण्या भावाने काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "कॉफी गार होतेय."

माझ्या अंगठ्यात गळ रुतला होता, आठवतं? नावेत आपण दोघंच. तू अकरा वर्षांची असशील. माझ्यापेक्षा तूच मोठमोठ्याने रडत होतीस, नाकातून पाणी, हुंदके, पण हात मात्र अजिबात हलला नाही, काढलास तो गळ. तेव्हाच मी आईला सांगून टाकलं होतं की ताई नर्स होणार.

मागच्या आठवड्यात माझा हात सुरीने कापला. तळव्याला टाके पडले. फार काही नाही, सध्या खोके मोजायचं काम दिलंय. तुला आईच्या नंबरावर फोन केला तो खरं तर शिव्या खायला. तू विचारलंस, "धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस?" म्हटलं, घेतलं. "बरं," म्हणालीस आणि ठेवलास. मी कितीतरी वेळ तो फोन कानाला धरून बसलो. रागावलो नाही गं, हेता. घाबरलो. त्या नावेतली मुलगी मला कुठेच ऐकू आली नाही.

आईने सांगितलं की गावच्या आरोग्य केंद्रात जखमांच्या पट्ट्या बदलायची जागा निघालीय, त्यांनी तुलाच विचारलंय आणि शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. "मी काय आता म्हाताऱ्यांचे पाय बांधत बसू?" असं तू म्हणालीस म्हणे. बांध की! पट्टी बांधलेला म्हातारा पुढच्या आठवड्यात स्वतःच्या पायांनी चालत परत येतो, कुरकुर करतो, भरलेली जखम दाखवतो. तुझ्या वॉर्डातलं कोण असं परत येतं? पण आई म्हणाली, खरं कारण ते नाहीच. रात्रपाळीचे आणि रविवारचे जादा पैसे बंद झाले तर घराचा हप्ता निघत नाही. हे तू मला का नाही बोललीस? तू तिथे जाशील की नाही, गेलीस तरी तुला पुन्हा रडू येईल की नाही, मला माहीत नाही. माझ्या हातात त्यातलं काही नाही. हंगाम संपला तरी राहतो, असं मी मुकादमाला सांगितलंय. तो हसला. हसू दे. तुझ्या पगारात जेवढं कमी पडेल तेवढं, आईला विचारून, दर महिन्याला पाठवीन. पहिले पैसे आज टाकलेत. नवा फोन घेऊ नकोस त्यातून.

तुझाच, डाव खाल्लेला,
योना

खात्यावर टाकले : तीनशे ऐंशी युरो.