कॅन्टीनमधलं गाऱ्हाणं

रास अल खैमा,
रविवार, सुट्टीचा

तीर्थस्वरूप भाऊकाकांच्या चरणी,

समुद्रापलीकडून जितकं वाकता येतं तितकं वाकून धनंजयचा नमस्कार. (वडिलांना तीर्थरूप, काकांना तीर्थस्वरूप. आमच्या रूमवर हे दोन्ही एकच समजतात. मी सांगून थकलो.) सूनबाई उर्मिला पत्र वाचून दाखवेल, तेव्हा तिला आधीच सांगतो की कंसातलं सगळं वाचायचं, गाळायचं नाही. उर्मिला, तुझा नवरा निखिल बोटीवरून पाठवतो ते मेसेज तू कसे वाचून दाखवतेस ते मला ठाऊक आहे.

आपली प्रकृती कशी आहे हे विचारायचा प्रघात आहे म्हणून विचारतो. कशी आहे ते उर्मिलेने फोनवर सांगितलंच आहे. उजवा हात थोडा हलतो, जेवण जातं, आणि वाचेपैकी एकच शब्द परत आलाय, 'व्हय'. चहा हवा का, तर व्हय. चहा नको का, तरी व्हय. ती हसत सांगत होती, पण फोन ठेवताना तिचा आवाज बरा नव्हता. फोनवर तुम्हाला बोलता येत नाही आणि मला ते ऐकवत नाही, म्हणून पत्र. आमच्या कंपनीतल्या पोरांनी आयुष्यात पोस्टाचं पाकीट पाहिलेलं नाही. एकाने विचारलं, चाचा, कोर्टाचं काम आहे का?

आता मुख्य हकिकत. तिच्यात थोडा दोष माझा आहे, बराचसा सुरेशचा, आणि मुळात अमेरिकेचा.

आमच्या टाइल्सच्या कारखान्यात नवी भट्टी बसवायला अमेरिकेहून मार्विनसाहेब म्हणून इंजिनिअर आले आहेत. भट्टीतलं त्यांना कळतं, टाइलच्या रंगछटेतलं मला कळतं, त्यामुळे आमचं जमतं. (माझं इंग्रजी मशीनच्या मॅन्युअलांवर झालेलं. साहेब म्हणतात मी बोलतो तेव्हा वॉरंटी वाचल्यासारखं वाटतं. मी ते कौतुकाने घेतलं.) साहेब ओजिब्वे जमातीचे. गोरे लोक यायच्या आधीपासून तिथल्या उत्तरेकडच्या तळ्यांकाठी राहणारी ही माणसं. त्यांच्या गावांचं त्यांचं स्वतःचं सरकार आहे, त्याला निवडून दिलेली अध्यक्ष आहे, आणि ती बाई वर्षातून एकदा सगळ्या लोकांपुढे उभी राहून वर्षभरात काय झालं, काय राहिलं आणि पुढे आधी काय करायचं ते सांगते. ते भाषण साहेब कॅन्टीनमध्ये मोबाइलवर बघत होते. मी शेजारी जाऊन बसलो. बोलावलं नव्हतं, पण खुर्ची रिकामी होती.

काका, मी आजवर पुढाऱ्यांची भाषणं पुष्कळ ऐकली. दवाखाना पुरा झाला नाही, चूक आमची, असं अध्यक्षाने आपण होऊन सांगितलेलं पहिल्यांदा ऐकलं. मग म्हाताऱ्यांसाठी बांधलेली घरं दाखवली. मग त्यांच्या तळ्यांची गोष्ट निघाली. तिथे पाण्यात एक धान्य आपोआप उगवतं. दोघं होडीतून जातात, एक जण काठीने होडी ढकलतो, दुसरा ओंब्या होडीवर वाकवून हलकेच झोडतो. थोडे दाणे पाण्यात पडू द्यायचे, ते पुढच्या वर्षाचे. तळ्याचं पाणी राखायचं हे त्यांच्या कामांत वरचं काम. आणि त्याच्याही वर भाषा. एक घर केलंय, तिथे म्हातारी माणसं आणि अगदी लहान मुलं दिवसभर एकत्र बसतात, आणि दारातून आत आलं की इंग्रजी बंद. कारण ती भाषा आईच्या दुधाबरोबर मिळालेली माणसं आता थोडीच राहिलीत. त्यांपैकी वर्षभरात जी गेली त्यांची नावं बाईंनी वाचली आणि तिकडचं सगळं सभागृह उभं राहिलं.

इकडे कॅन्टीनमध्ये मार्विनसाहेबही उभे राहिले. एकटेच, पँटीला मातीची भुकटी, हातात चमचा. त्यांना एकटं कसं ठेवायचं म्हणून मीही उभा राहिलो. आम्हा दोघांना बघून जेवणाची सुट्टी संपली असं पठाण पोरांना वाटलं, ती उठली, त्यांच्यामागे बंगाली उठले, आणि यल्ला यल्ला करत अख्खी शिफ्ट अर्ध्या जेवणावरून भट्टीकडे गेली. सुपरवायझर अजून विचारतोय त्या दिवशी काय झालं होतं. साहेब नंतर एवढंच म्हणाले की आजी गेली तेव्हा त्यांना तिच्या भाषेतले जेवायला बोलावायचे आणि रागवायचे तेवढेच शब्द येत होते. बाकीचे मागून घेऊ, असं त्यांना वाटायचं.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी ठरवलं की आपल्या गावाचंही असं भाषण व्हायला हवं, आणि ते मीच करायला हवं. (गावात आता जेवढे पुरुष आहेत त्याहून जास्त या देशात आहेत, म्हणजे नियमाने सभा इथेच भरायला हवी.) दुबईत मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात सुरेशची रूम आहे. तो कामगारांची बस चालवतो आणि स्वतःला मंत्र्याचा ड्रायव्हर समजतो. तिथल्याच अल क्वोजहून आपला गणू आला, तो मेसमध्ये स्वयंपाकी आहे. बाकी वाडीतले सगळे जमले, खाटांवर दाटीवाटीने बसले. गणूने येताना नारळ आणला होता. नारळ ठेवल्याशिवाय आपल्या गावात सभा होत नाही म्हणाला, आणि उलट्या बादलीवर देवाच्या नावाने ठेवलासुद्धा. तिथेच घात झाला.

मी प्रगतीपासून सुरुवात केली. डांबरी रस्ता दारापर्यंत आला, त्याच रस्त्याने शेवटची चार घरं निघून गेली. नळ आले, ते कुलुपाच्या आत आहेत. शाळेला नवं छप्पर झालं आणि त्याच वर्षी मुलं नाहीत म्हणून शाळा बंद झाली. मी हे अगदी तपशिलाने सांगत होतो. सुरेश म्हणाला, "रे धन्या, ही प्रगती सांगतंस, की कोणाच्या बाराव्याक बोलावतंस?" सगळे हसले. मीही हसलो असतो, पण अध्यक्षाने हसू नये.

मग पुढची कामं. पहिलं, म्हातारी माणसं. दुसरं सांगताना मी म्हणालो की यंदाच्या शिमग्याला देवळात नारळ मुक्यानेच फुटला. भाऊकाकांची वाचा गेली, गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा, निखिलला त्यातला 'बा' येत नाही आणि मी इथे. पहिल्यांदाच देवाला कोणी काही सांगितलं नाही. खाली कोणाच्या तरी कुकरची शिटी झाली. गणू डोळे पुसत म्हणाला, "मगे तूच घाल रे गाऱ्हाणा. हयसरच घाल."

मी उभा राहिलो. हात जोडले. बा देवा रवळनाथा महाराजा, ही तुझी लेकरां पोटापाठी परमुलखात इली आसत. व्हय महाराजा, असा आवाज उठला की पलीकडच्या रूममधले केरळवाले दारात आले. आणि काका, तिसऱ्या ओळीला माझे शब्द संपले. लहानपणापासून तुमच्यामागे उभा राहून मी फक्त 'व्हय महाराजा' म्हणत आलो. ते मला उत्तम येतं. बाकीचं तुम्ही आहातच म्हणून कधी ऐकलंच नाही. मग मी माझ्या भाषणातलंच घालत गेलो. म्हाताऱ्यांका एकटा पडाक दिव नको महाराजा. व्हय महाराजा. बंद घरांची दारां उघडांदेत. व्हय महाराजा. आणि त्या भरात तोंडातून निघून गेलं की येत्या जत्रेक ही सगळी लेकरां कायमची घराक येवंदेत.

व्हय महाराजा. यावेळी केरळवालेसुद्धा म्हणाले.

मग सगळ्यांनी नारळाकडे पाहिलं. सुरेश हळूच म्हणाला, "मेल्या, काय बोललंस तू?" त्याने नारळ बादलीवरून उचलला आणि परत तिथेच ठेवला, जणू तो गरम होता.

तेव्हापासून माझं जगणं कठीण झालंय. एकाची मुलगी कॉलेजात, एकाचं घर जोत्यापर्यंत आलेलं, सुरेशला इथलाच परवाना, गावात बस कुठे आहे. देवापुढे शब्द गेला, आणि तो मागे घ्यायचा तर गावकाराच्या, म्हणजे तुमच्या, मुखानेच घ्यायला हवा. गणू दिवसाआड फोन करतो आणि नुसता श्वास घेतो. तेव्हा सर्वांच्या वतीने विनंती अशी की आपण देवाला कौल लावावा आणि शब्द चुकला, लेकरांना मोकळं कर, असं सांगावं. कसं सांगावं ते मला सुचत नाही. देवाला तुमचं एवढ्या वर्षांचं ऐकून सवय झाली असेल, तो न बोलता समजेल.

मोठ्यांना नमस्कार लिहायचा असतो, पण वाडीत आता तुमच्याहून मोठं कोणी नाही.

आपला,
धनंजय

ता. क. मार्विनसाहेबांनी त्यांच्या तळ्यातलं ते धान्य पुडीत दिलंय, सोबत पाठवतो. काळं, लांब. उर्मिला, हा तांदूळ नव्हे, गवताचं बी आहे, पुष्कळ वेळ शिजव आणि मऊ कर. काकांना आवडलं का ते विचारू नकोस, व्हय म्हणतील.

ता. क. २. मोकळं करायच्या नावांत सगळ्यांची नावं घ्यावीत. माझं घेऊ नये. लिहिण्यात चूक झालेली नाही. (कंपनी मला सोडायला तयार नाही. म्हणजे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही, सांगितलं की होणार नाही.)

ता. क. ३. उर्मिला, हे मोठ्याने वाच. काका, मी जत्रेच्या आधी येतोय. रोज पडवीत तुमच्यासमोर बसून गाऱ्हाणं म्हणेन, जेवढं आठवतं तेवढं. तुम्ही फक्त व्हय म्हणायचं. उर्मिला म्हणते तुम्ही आता सगळ्यालाच व्हय म्हणता. ते चहाचं असेल. गाऱ्हाण्यातल्या चुकीला तुम्ही कधी व्हय म्हणाला नाहीत. मी जिथे चुकेन तिथे गप्प राहा. मला कळेल.